मदरबोर्डाची तपासणी

घरात नवा संगणक यावयाचा म्हटला, की चर्चा सुरू होते ती पडद्याच्या आकारापासून. मग प्रोसेसर कोणता, रॅम किती, चित्रांसाठी स्वतंत्र कार्ड आहे की नाही, असे प्रश्न क्रमाक्रमाने येतात. ज्या फळीवर ही सारी मंडळी बसावयाची असतात, तिची मात्र कोणी फारशी चौकशी करीत नाही. तिला म्हणतात मदरबोर्ड. आम्ही भाषेचे विद्यार्थी; तेव्हा या शब्दाला ‘मातृफलक’ असा प्रतिशब्द योजून पाहण्याचा मोह आम्हांलाही झाला. परंतु दुकानात जाऊन मातृफलक मागितला, तर दुकानदार बहुधा पाट्या रंगविणाऱ्याचा पत्ता देईल. म्हणून येथे आम्ही रूढ शब्दच वापरणार आहोत. त्यातील ‘मदर’ तेवढे वाचकांनी ध्यानात असू द्यावे. कारण घरातील आईप्रमाणेच या फळीचीही खरी आठवण होते, ती तिने अंथरूण धरल्यावर.

मराठी शिकविण्यात आणि सरकारी शाळा चालविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने असल्या विषयावर का लिहावे, असे कोणी म्हणेल. त्याने सुरतेतील आमच्या वस्त्यांतून एकदा फेरी मारावी. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेली हजारो मराठी कुटुंबे आहेत. कोणी लूमच्या खात्यात, कोणी कापड रंगविणाऱ्या मिलमध्ये, तर कोणी साड्यांच्या पेढीवर. अशा वस्तीत मुख्याध्यापक हा केवळ शाळेचा अधिकारी राहत नाही. दहावीनंतर विज्ञान की वाणिज्य, येथपासून कर्जाच्या कागदावर सही करावी की करू नये, येथपर्यंतचे प्रश्न त्याच्या टेबलावर येतात. ‘गुरुजी, तुम्ही एकदा बघा,’ एवढे वाक्य त्याला पुरते. २०२५ च्या दिवाळीनंतर असेच एक गृहस्थ आले. सोबत त्यांचा मुलगा, आमचाच माजी विद्यार्थी. या वेळी ‘बघा’ म्हणून आमच्यापुढे ठेवले गेले, ते मदरबोर्डांच्या किमतींचे कागद होते.

हकिकत साधी होती. मुलगा वीस वर्षांचा. भरतकामाच्या यंत्रांसाठी नक्षी तयार करण्याचे, म्हणजे ज्याला सुरतेत ‘पंचिंग’ म्हणतात ते, काम तो एका डिझायनरकडे पगारावर करीत होता. स्वतःचा संगणक असेल तर घरी बसून स्वतंत्र कामे घेता येतील, असा त्याचा हिशेब. रात्री मित्रांबरोबर गेमही खेळणार, हे त्याने लपविले नाही. वडिलांनी लूमवर उभे राहून तीन वर्षांत ९०,००० रुपये बाजूला टाकले होते. मुलाच्या मनात भरलेला बोर्ड २८,००० रुपयांचा होता. त्याच प्रोसेसरला चालणारा दुसरा १३,५०० चा, आणि सर्वांत स्वस्त असा तिसरा ८,००० चा. पहिल्या दोहोंमधील अंतर वडिलांच्या जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढे! शिवाय महाग बोर्डाच्या खोक्यावर ‘गेमिंग’ हा शब्द टपोऱ्या अक्षरांत होता, आणि त्या एका शब्दाने बापाच्या काळजात धस्स झाले होते. त्यांचा प्रश्न असा, की हे यंत्र कामाचे की खेळण्याचे? मुलाचा प्रश्न निराळा. ‘सर, आज स्वस्त घेतलं आणि दोन वर्षांनी पुन्हा बदलावं लागलं तर?’

दोन्ही प्रश्न खरे होते. पुस्तक न वाचता गुण देण्याची आम्हांला सवय नाही. त्यामुळे तिन्ही बोर्डांच्या माहितीपुस्तिका मागवून घेतल्या, आणि पुढील दोन आठवड्यांच्या संध्याकाळी त्यांत घातल्या. जे समजले नाही ते त्या मुलाकडूनच समजून घेतले. त्याचे सार येथे देत आहोत.

शाळेची वार्षिक तपासणी ज्याने अनुभवली आहे, त्याला मदरबोर्ड पाहावयास शिकविण्याची गरज नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी भिंतींना चुना लागतो, दारात रांगोळी पडते, फळ्यावर रंगीत खडूने सुविचार उमटतो. कसलेला तपासनीस सुविचारावरून नजर फिरवितो आणि सरळ पाण्याच्या टाकीचे झाकण उघडून पाहतो. मदरबोर्डाच्या बाबतीत तेच करावयाचे असते. आजकालच्या गेमिंग बोर्डांवर काळ्या धातूची कोनदार कवचे असतात, योद्ध्याला शोभतील अशी चिन्हे असतात आणि दिवे असतात. त्या दिव्यांतून १ कोटी ६७ लाख रंगछटा काढता येतात, असे पुस्तिका सांगते. माणसाच्या डोळ्याला त्यांतील किती ओळखू येतात, याबद्दल ती मौन पाळते. कवचांतही भेद आहे. जे धातूचे असून उष्ण भागाला चिकटलेले असते, ज्याला हवा लागण्यासाठी पन्हळी पाडलेल्या असतात, ते उष्णता शोषून बाहेर टाकते. मागच्या जोडण्यांवरचे झाकण मात्र पुष्कळदा केवळ शोभेचे प्लॅस्टिक असते. काव्यशास्त्रात अलंकाराने अर्थ खुलावा अशी अपेक्षा असते. येथे तर अलंकाराखाली अर्थ आहे की नाही, हेच आधी पाहावे लागते.

पाण्याच्या टाकीचा मान मदरबोर्डावर वीज पुरविणाऱ्या भागाला आहे. संगणकाच्या वीजपेटीतून बोर्डाला १२ व्होल्टची वीज मिळते. प्रोसेसरला लागते ती सव्वा व्होल्टच्या आसपासची. हे रूपांतर प्रोसेसरच्या भोवताली मांडलेले लहान लहान घटक करतात. व्होल्ट कमी, म्हणून प्रवाह प्रचंड. १२० वॅट खाणारा प्रोसेसर १.२ व्होल्टवर चालला, तर त्याला १०० अँपिअर प्रवाह लागतो. घरातील वातानुकूलन यंत्राचा जाड प्लग १६ अँपिअरचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे तळहाताएवढ्या जागेत काय चालले आहे याची कल्पना येईल. एवढा भार एकट्याला झेपत नाही, म्हणून तो अनेक टप्प्यांत वाटून दिलेला असतो. या टप्प्यांना ‘फेज’ म्हणतात. जसे एकाच शिक्षकावर दिवसाचे आठही तास टाकले तर तो चौथ्या तासाला थकतो, पण चौघांत वाटले तर चौघेही ताजे राहतात, तसेच हे. खोक्यावर ‘१४+२+१’ असे आकडे छापतात, त्यांतील पहिला आकडा प्रोसेसरच्या मुख्य गाभ्यांना वीज देणाऱ्या फेजांचा. पण नुसती संख्या पाहून भुलू नये. प्रत्येक फेज किती अँपिअर झेलू शकतो आणि त्यावर धातूचे शीतक बसविले आहे की नाही, हेही विचारावे.

आमच्या तपासणीत ८,००० चा बोर्ड नापास झाला तो येथेच. त्यावर फेज थोडे होते आणि शीतक मुळीच नव्हते. मुलगा प्रारंभी घेणार होता तो ६५ वॅटचा सहा गाभ्यांचा प्रोसेसर त्यावर चालला असता. परंतु पुढे त्याहून मोठा बसविला असता, तर सुरतेच्या मे महिन्यात त्या बोर्डाची दया आली असती. उलट २८,००० च्या बोर्डाची वीजव्यवस्था इतकी दांडगी होती, की तिच्या निम्म्या सामर्थ्याचीही या मुलाला कधी गरज पडली नसती. वीस पटांच्या शाळेला चार मजली इमारत बांधून देण्यासारखा तो प्रकार. १३,५०० च्या बोर्डावर पुरेसे फेज होते आणि शीतकही होते.

विजेच्या घटकांत ‘कपॅसिटर’ नावाच्या चिमुकल्या डब्या असतात. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रावण भरलेल्या अशा डब्या जगभरच्या संगणकांत बसविल्या गेल्या, आणि त्या फुगून फुटू लागल्या. आमच्या शाळेला मिळालेल्या जुन्या संगणकांतही फुगलेल्या माथ्याच्या डब्या आम्ही पाहिल्या आहेत. वरून यंत्र ठाकठीक, पण दर अर्ध्या तासाने आपोआप बंद पडे. आता बहुतेक चांगल्या बोर्डांवर द्रावणाऐवजी घन पदार्थाचे कपॅसिटर असतात. ही सुधारणा कोणत्याही दिव्यापेक्षा मोलाची आहे, आणि ती स्वस्त बोर्डांपर्यंतही पोचली आहे.

बोर्डावरील तांब्याच्या वाटा पाहण्यासारख्या असतात. प्रोसेसरपासून रॅमकडे जाणाऱ्या काही रेषा सरळ न जाता मुद्दाम नागमोडी वळणे घेतात. प्रथमदर्शनी आम्हांला ती नक्षीच वाटली. पण त्यामागे कारण आहे. एका वेळी निघालेले सर्व संदेश एकाच वेळी पोचले पाहिजेत. म्हणून ज्याची वाट जवळची, त्याला वळसा घालावयास लावून सर्वांची अंतरे सारखी केलेली असतात. कवायतीत वळण घेताना आतल्या मुलाने पाऊल आखूड टाकावे आणि बाहेरच्याने लांब, म्हणजे रांग मोडत नाही, हे आम्ही मैदानावर वर्षानुवर्षे सांगत आलो. शिवाय या वाटा एकाच पातळीवर नसतात. चार, सहा किंवा आठ थर एकावर एक दाबून ही फळी बनते, आणि दृष्टीस न पडणाऱ्या थरांवरच गुणवत्तेचा बराच भाग अवलंबून असतो. कापड ओळखणाऱ्या सुरतकराला हे पटकन पटेल. रंग डोळ्यांना दिसतो. वीण बोटांनी पाहावी लागते.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. बोर्ड किती वर्षे टिकेल, याचे उत्तर त्याच्या मजबुतीत अर्धेच असते. उरलेले अर्धे असते प्रोसेसरच्या बैठकीत, म्हणजे ‘सॉकेट’मध्ये. ए.एम.डी. या कंपनीने २०१६ साली ए.एम.४ नावाची बैठक आणली. २०१७ साली घेतलेल्या अनेक बोर्डांवर केवळ आतली आज्ञावली अद्ययावत करून २०२२ साली निघालेले प्रोसेसर बसविता आले. पाच वर्षांचे अंतर. पण बोर्ड तोच! २०२२ साली तिची जागा १,७१८ स्पर्शबिंदूंच्या ए.एम.५ ने घेतली, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही ती चालवू, असे कंपनीने जाहीर केले आहे. इंटेलची २०२१ ची बैठक प्रोसेसरांच्या तीन पिढ्यांपुरती चालली, आणि २०२४ साली नवी बैठक आली. यांत एक कंपनी चांगली आणि दुसरी वाईट, असे आम्हांला म्हणावयाचे नाही. पण ज्या घरात संगणक दहा वर्षांतून एकदा येतो, त्या घराने ‘या बैठकीवर पुढे कोण बसणार?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. मुलाने निवडलेले तिन्ही बोर्ड ए.एम.५ चेच होते. म्हणजे या प्रश्नावर २८,००० ला जेवढे गुण, तेवढेच १३,५०० लाही.

त्यानंतर खाचा, म्हणजे स्लॉट. येथे दृष्टीला फसविणारी एक गोष्ट आहे. बोर्डावर चित्रकार्डासाठी जशी लांब खाच असते, तशीच आणखी एक-दोन लांब खाचा खाली दिसतात. लांबी सारखी, पण आतून जोडलेल्या वाटा कमी. वरच्या खाचेला सोळा वाटा असतील, तर खालच्या तेवढ्याच लांब खाचेला पुष्कळदा चार, कधी तर एकच. बाक चौघांचा, पण पाटी एकालाच! काही बोर्डांवर एका ठिकाणी साठवणीची चकती बसविली, की दुसरीकडची जोडणी बंद पडते किंवा चित्रकार्डाच्या वाटा निम्म्या होतात. ही गोष्ट खोक्यावर नसते. पुस्तिकेत बारीक अक्षरात असते. आमच्या मुलांना आम्ही सांगतो, की प्रश्नपत्रिकेवरील सूचना आधी वाचा. तीच सूचना पालकांनाही लागू आहे.

रॅमच्या चार खाचा दिसल्या म्हणजे चारही भराव्यात, असे नाही. सध्याच्या डी.डी.आर.५ जातीच्या रॅममध्ये दोन पट्ट्या बसविल्या तर वेग चांगला राहतो. चारही खाचा भरल्या की तो बहुधा उतरतो. त्यातून २०२५ च्या अखेरीस या पट्ट्यांचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय केंद्रांसाठी स्मृतीच्या चिप्सना जगभर मागणी वाढली आणि तिची झळ लिंबायतेतल्या दोन खोल्यांच्या घरापर्यंत येऊन पोचली. म्हणूनच बोर्डावर वाचलेला प्रत्येक रुपया या घराला महत्त्वाचा होता. भरतकामाची भारी नक्षी, साडीच्या पदराचे मोठे चित्र आणि रात्रीचा गेम, या तिहींनाही रॅम लागते. दिव्यांची त्यांतील एकालाही गरज नसते.

रिकाम्या खाचेचे महात्म्य मराठी माणसाने तर विसरूच नये. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आय.बी.एम.ने आपला पहिला व्यक्तिगत संगणक काढला. त्याच्या बोर्डावर पाच मोकळ्या खाचा होत्या, आणि बोर्डाचे विद्युत-आराखडे कंपनीने पुस्तिकेत छापून टाकले होते. त्यामुळे कोणालाही त्या खाचांत बसणारे कार्ड बनविता आले. आपल्याकडे कानपूरच्या आय.आय.टी.त भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे काम झाले, ते पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट कार्ड’ या रूपाने घरोघरीच्या यंत्रांसाठी सिद्ध केले. मोकळ्या खाचेत हे कार्ड बसविले, की केवळ रोमन अक्षरे जाणणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटू लागे. पुढे युनिकोड आले, लिपी आज्ञावलीतच सामावली आणि त्या कार्डाची गरज सरली. परंतु विचार करावा. फ्लोरिडातील बोका रॅटन गावी तो बोर्ड आखणाऱ्यांना आपली बाराखडी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी एवढेच केले, की आपल्याला न सुचलेल्या गोष्टींसाठी जागा मोकळी सोडली. त्या जागेतून ‘क’ला काना देता आला. चांगल्या आखणीचे याहून मोठे लक्षण आम्हांला सांगता येणार नाही.

लहान गोष्टींकडेही पाहिले पाहिजे. १३,५०० च्या बोर्डाच्या कडेला तांदळाएवढे चार दिवे होते. संगणक सुरू झाला नाही, तर दोष प्रोसेसरात, रॅममध्ये, चित्रकार्डात की साठवणीत, हे त्यांपैकी कोणता दिवा पेटून राहतो त्यावरून कळते. ज्या घरी बिघाड म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि रिक्षाचे भाडे, त्या घराला हे चार दिवे कोट्यवधी रंगछटांपेक्षा थोर. बोर्डाच्या मागील बाजूस एक बटण होते; ते वापरून प्रोसेसर नसतानाही आतली आज्ञावली बदलता येते. उद्या नव्या पिढीचा प्रोसेसर आणला आणि बोर्डाने त्याला ओळखले नाही, तर हे बटण उपयोगी पडते. ही आज्ञावली बदलत असताना वीज गेली तर मात्र बोर्ड मुका होण्याचा धोका असतो. म्हणून यू.पी.एस. ही चैन समजू नये. पंख्यांच्या जोडण्याही मोजून घ्याव्यात. आमच्या भागातील हवेत समुद्राकडचा दमटपणा आहे आणि लूमच्या गल्ल्यांत धाग्याचे तंतू उडत असतात. ते शीतकाच्या पन्हळींत जाऊन गोधडीसारखे बसतात. कोणताही बोर्ड घेतला, तरी दर दोन-तीन महिन्यांनी बंद करून मऊ कुंचल्याने झटकावा लागतो. हे काम मुलाने स्वतः करावे, अशी अट आम्ही घातली.

न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे, की महाग बोर्डाला काही गुण हक्काचे मिळाले. त्यावर साठवणीच्या जागा अधिक होत्या, मागच्या जोडण्या भरपूर होत्या, ध्वनीची व्यवस्था सरस होती. ज्याला चित्रफिती जोडण्याचा धंदा करावयाचा आहे, ज्याच्याकडे चार-चार चकत्या आहेत, त्याला तो बोर्ड महाग पडणार नाही. मुलाच्या डोळ्यांत त्या काळ्या कवचाविषयी जे कौतुक होते, त्यालाही आम्ही हसलो नाही. विसाव्या वर्षी वस्तू सुंदर असावी असे वाटले नाही, तर मग कधी वाटावे?

राहिला वडिलांचा प्रश्न. गेमचे यंत्र आणि कामाचे यंत्र ही दोन वेगळी नसतात. जलद चित्र, भरपूर स्मृती, थंड राहणारे अंग या गोष्टी दोहोंनाही लागतात. खोक्यावरील ‘गेमिंग’ हा शब्द बहुतांशी विक्रीचा आहे. वडिलांच्या मनातील भीती खरी होती, पण ती बोर्डाची नव्हती. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या मोबाइलवरच्या खेळांची होती. त्या खेळांनी वस्तीतील घरे कशी पोखरली, हे त्यांनी जवळून पाहिले होते. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना वेगळे मानून मान्यता दिली. २०२३ साली हांगझाऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-स्पोर्ट्सना पदकेही होती. आम्ही त्यांना म्हटले, ‘भाऊ, पोरगा पैसे लावतो का, झोप मोडतो का, काम चुकवतो का, एवढं बघा. नाही ना? मग दिवसभर टाके मोजून आलेल्या पोराला तासभर खेळू द्या.’ शाळेच्या वेळापत्रकात आम्ही खेळाचा तास कधी गणिताला दिला नाही. घरी तरी तो का कापावा?

वडील सगळे ऐकत होते. पाव्हण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले होते. मग त्यांनी जे विचारले, ते आमच्या दोन आठवड्यांच्या वाचनाहून मोलाचे होते. ‘गुरुजी, लूम घेताना आम्ही रंग बघत नाही. फ्रेम हलते का ते बघतो, आणि उद्या वर जॅकार्ड चढवायचं झालं तर चढेल का ते बघतो. यात तसं काय बघायचं?’ १८०४ साली फ्रान्समधील लियाँ शहरी जॅकार्डने छिद्रांच्या पुठ्ठ्यांनी माग चालविला. पुढे तेच छिद्रांचे पुठ्ठे संगणकाच्या बाल्यावस्थेत त्याला आज्ञा देण्यासाठी वापरले गेले. १९८३ साली बोनास या इंग्रज कंपनीने इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड काढला आणि संगणकाने मागाचे ते ऋण फेडले. ज्यांच्या आयुष्याची वर्षे मागापुढे गेली, त्या माणसाने संगणकाच्या परीक्षेचा मूळ नियम सांगावा, यात खरे तर नवल नव्हते. भार पडल्यावर सांगाडा हलू नये, आणि उद्याच्या यंत्राला त्यावर जागा असावी. आम्ही वीजव्यवस्था, बैठक आणि खाचा या तीन शीर्षकांखाली जे वहीत उतरविले होते, ते एवढेच होते.

मुलगा हे ऐकून गप्प झाला आणि त्यानेच १३,५०० चा कागद वर ठेवला. उरलेल्या पैशांचा मोठा वाटा रॅमने खाल्ला. सोळा ऐवजी बत्तीस जी.बी. बसविता आली, आणि तीही दोनच पट्ट्यांत. बाकीच्यांत बऱ्या दर्जाची वीजपेटी आणि लहानसा यू.पी.एस. आला. आजमितीस त्या बोर्डावर रॅमच्या दोन आणि खालची एक अशा तीन खाचा रिकाम्या आहेत. घरी घेतलेल्या नक्षीच्या कामातून एखादी भरेल, तेव्हा भरेल.

बडोद्यापासून हैदराबादेपर्यंत आपल्या घराघरांतून हा प्रसंग आज ना उद्या येणारच आहे. मुलगा किंवा मुलगी अनोळखी शब्दांची यादी पुढे ठेवील, आणि रक्कम ऐकून घर क्षणभर स्तब्ध होईल. अशा वेळी नकारही घाईने देऊ नये आणि पैसेही घाईने काढू नयेत. मुलाबरोबर दुकानात जावे. बोर्डाचे चित्र समोर ठेवून त्याला विचारावे, की वीज कोठून येते, ती किती जणांत वाटली जाते, या बैठकीवर पुढील तीन वर्षांनी काय बसेल, ही खाच कशासाठी आणि ती आतून पुरी जोडलेली आहे का, बिघाड झाला तर कळणार कसे, आणि हे स्वच्छ कोण करणार. सहा प्रश्न. ज्या मुलाने अभ्यास केला आहे तो उत्साहाने उत्तरे देईल, आणि आपल्याला दोन गोष्टी अधिक समजतील. ज्याने केलेला नाही तो अडखळेल; त्याला आठवड्याची मुदत द्यावी. खरेदीनंतर बिल आणि खोके तीन वर्षे जपून ठेवावे, कारण हमी बहुधा तेवढी असते. माहितीपुस्तिका मात्र माळ्यावर टाकू नये. ती घरातील मोठ्या माणसांनीही एकदा वाचावी.